पाइन वामनवृक्षांचा पर्णरोग : आधी निदान, मग औषध

कुंडीत जोपासलेल्या पाइन वृक्षाची पाने पिवळी अगर तांबूस पडू लागली म्हणजे त्याचा पालक बहुधा एकच गोष्ट करतो. तो दुकानातून बुरशीनाशक आणतो आणि झाडावर फवारतो. आठ दिवसांत पाने हिरवी झाली नाहीत की दुसरे औषध आणतो. त्यानेही गुण न आला तर खत घालतो. आणि अखेर माती बदलावी म्हणून झाड कुंडीतून उपसून काढतो. यातून झाड वाचले तर श्रेय शेवटच्या औषधाला मिळते. ते मेले तर रोगच असाध्य होता, असे समाधान करून घेतले जाते. हे दोन्ही निष्कर्ष बहुतेक प्रसंगी निराधार असतात. पर्णरोगावरील उपचार फसतात ते औषधे दुबळी असतात म्हणून नव्हे. ती रोग ओळखल्यावाचून, आणि त्यांची वेळ टळून गेल्यावर दिली जातात म्हणून. यास्तव पाइन वृक्ष पाळणाऱ्याने फवारणीचा पंप हाती घेण्यापूर्वी भिंग हाती घेतले पाहिजे. हा नियम शास्त्राला धरून आहेच. शिवाय व्यवहारातही तो कमी खर्चाचा आहे.

एका पानाचे मोल

बोन्साय म्हणजे उथळ कुंडीत लहान आकारात वाढविलेला वृक्ष. मराठीत त्याला वामनवृक्ष हे नाव रूढ झाले आहे. या कलेचा उगम चीनमध्ये झाला आणि तिचा उत्कर्ष जपानमध्ये झाला. १९२३ च्या भूकंपाने टोकियो शहराची वाताहत झाल्यावर तेथील काही वामनवृक्षकारांनी शहराबाहेर ओमिया येथे जाऊन १९२५ मध्ये आपली वसाहत स्थापन केली, आणि ते गाव पुढे या कलेचे माहेरघर ठरले. या कलेत पाइन वृक्षाला प्रथमपासून मानाचे स्थान आहे. काळा पाइन आणि तांबडा पाइन यांची सुईसारखी पाने दोन-दोनांच्या जुडीने येतात, पांढऱ्या पाइनची पाने पाच-पाचांच्या जुडीने येतात. भारतात या जपानी जातींबरोबरच हिमालयातील चीड हा वृक्षही कुंडीत वाढविला जातो. त्याच्या जुडीत तीन पाने असतात.

वामनवृक्ष पिढ्यानपिढ्या जगू शकतो. वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय वृक्षोद्यानात एक जपानी पांढरा पाइन आहे. त्याची जोपासना १६२५ पासून चालू आहे. १९४५ मध्ये हिरोशिमावर अणुबाँब पडला तेव्हा तो त्याच शहरात यामाकी कुटुंबाच्या बागेत होता आणि त्या संहारातून वाचला. १९७६ मध्ये मासारू यामाकी यांनी तो अमेरिकेला भेट दिला. असा वृक्ष म्हणजे अनेक माणसांनी एकापाठोपाठ एक सांभाळलेली ठेव होय. अणुबाँबातून वाचलेल्या झाडाचीही पाने कोणत्याही पावसाळी हंगामात एखाद्या सूक्ष्म बुरशीला बळी पडू शकतात, हे मात्र विसरता येत नाही.

पाइन वृक्षाच्या पानाला इतके महत्त्व का, याचे कारण त्याच्या शरीररचनेत आहे. वड, पिंपळ किंवा चिंच यांची पाने गळली तरी काही दिवसांत त्यांना नवी पालवी फुटते. पाइनचे तसे नाही. त्याला वर्षातून बहुधा एकदाच नवी पाने येतात आणि ती दोन ते तीन वर्षे झाडाला अन्न पुरवितात. शिवाय ज्या फांदीवर एकही हिरवे पान उरले नाही, ती फांदी सहसा पुन्हा फुटत नाही, ती वाळते. जंगलातील उंच वृक्षाची खालची फांदी वाळली तर त्याचे फारसे बिघडत नाही. वामनवृक्षात मात्र प्रत्येक फांदी वीस-तीस वर्षे तारेने वळवून, छाटून, योग्य दिशेला आणलेली असते. ती गेली की झाडाचा आकारच मोडतो, आणि तो पुन्हा घडविण्यास माणसाचे उरलेले आयुष्य पुरेलच असे नाही. एका हंगामातील चुकीच्या उपचाराची ही किंमत आहे.

पिवळे पान म्हणजे रोगच नव्हे

निदानाची पहिली पायरी म्हणजे रोग आहे की नाही हे ठरविणे. पाइन सदाहरित असला तरी त्याची पाने अमर नसतात. जपानी पाइनची दोन-तीन वर्षांची जुनी पाने शरद ऋतूत पिवळी होऊन गळतात. चिडीची जुनी पाने मुख्यतः उन्हाळ्यात गळतात. उत्तराखंडातील डोंगरांवर त्यांचा जो थर साचतो त्याला तेथील लोक पिरूल म्हणतात, आणि उन्हाळ्यातील वणव्यांना तोच इंधन पुरवितो. अशा वेळी फांदीच्या आतल्या बाजूची पाने पिवळी पडतात, टोकाकडील नवी पाने टवटवीत राहतात आणि सगळ्या झाडावर हा प्रकार सारखाच दिसतो. ही निसर्गाची रीत असून तीवर औषध नाही व त्याची गरजही नाही.

दुसरे कारण मुळांचे. कुंडीतील माती जुनी होऊन घट्ट झाली, तिच्यातून पाण्याचा निचरा होईनासा झाला, म्हणजे मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजू लागतात. त्यामुळे पाने प्रथम निस्तेज होतात, मग त्यांची टोके वाळतात आणि शेवटी सारे झाड राखी हिरवे दिसू लागते. पानांवर ठिपके किंवा पट्टे आढळत नाहीत. मातीला आंबूस वास येतो. असे झाड तहानलेले दिसते म्हणून त्याला अधिक पाणी घातले जाते, आणि त्याचे मरण अधिक जवळ येते. या स्थितीत पानांवर फवारलेले बुरशीनाशक म्हणजे पाय मोडलेल्याच्या डोक्याला तेल चोळण्यासारखे आहे.

येथे आणखी एका गैरसमजाचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. निरोगी पाइन वृक्ष कुंडीतून काढला तर त्याच्या मुळांभोवती पुष्कळदा पांढऱ्या तंतूंचे जाळे दिसते. अनेक पालक त्याला रोग समजून ते धुऊन टाकतात, किंवा मातीत बुरशीनाशक ओततात. वस्तुतः ही बुरशी पाइनची सोबती होय. ती मुळांना मातीतील पाणी व क्षार मिळवून देते आणि मोबदल्यात झाडाकडून शर्करा घेते. तिच्यावाचून पाइन नीट वाढत नाही. बुरशी म्हणजे शत्रू असे सरसकट समीकरण मांडणारा मनुष्य अशा रीतीने झाडाच्या मित्रालाच मारतो.

तिसरे कारण कोळी-किडींचे. या किडी इतक्या सूक्ष्म असतात की नुसत्या डोळ्यांना त्या धुळीच्या कणांसारख्या भासतात. त्या पानातील रस शोषतात, त्यामुळे पानावर बारीक फिकट ठिपक्यांची जाळी उमटते व ते मळकट दिसते. फांदीखाली पांढरा कागद धरून ती हलकेच झटकावी. कागदावर पडलेले कण चालू लागले तर निदान झाले. चौथे कारण खतांचे व क्षारांचे; अशा वेळी सर्व वयाच्या पानांची केवळ टोके एकसारखी करपतात. पाचवे कारण उन्हाचे. सावलीतून एकाएकी कडक उन्हात ठेवलेल्या झाडाची उन्हाकडील बाजू तेवढी तांबूस होते.

या पाचांपैकी एकाही कारणावर बुरशीनाशकाचा उपयोग नाही. आणि घरगुती कुंड्यांतील पाइन वृक्ष पिवळे पडतात ते पुष्कळदा यांपैकीच एखाद्या कारणाने.

बुरशी कोणती, हे का पाहावे

वरील कारणे निकालात निघाली आणि तरीही पानांवर ठिपके, पट्टे वा काळे उंचवटे दिसत असतील, तरच बुरशीजन्य रोगाचा संशय घ्यावा. पण येथेही काम संपत नाही. बुरशीच्या निरनिराळ्या जातींचे जीवनक्रम निरनिराळ्या महिन्यांत चालतात, आणि औषधाची वेळ त्या क्रमावरच अवलंबून असते.

सर्वात प्रसिद्ध रोग म्हणजे पाने झडण्याचा रोग. जर्मन लोक त्याला ‘शूटे’ म्हणतात, आणि त्या शब्दात ओतून टाकण्याचा अर्थ आहे. जपानी भाषेत तो ‘हाफुरुई-ब्यो’ या नावाने ओळखला जातो. रोपवाटिकेतील हजारो रोपांची पाने वसंत ऋतूत अक्षरशः ओतल्यासारखी गळून पडतात, म्हणून ही नावे. हा प्रकार थंडीत मुळांना पाणी न मिळाल्याने होतो की बुरशीमुळे, याविषयी एकोणिसाव्या शतकात जर्मनीत दीर्घकाळ वाद चालला होता. पुढे बुरशीचा पक्ष खरा ठरला आणि लोफोडर्मियम पिनास्त्री ही बुरशी अपराधी मानली गेली. परंतु ती बुरशी कोठेही, अगदी निरोगी झाडांखाली गळून पडलेल्या पानांवरही, आढळे. मग कोठे रोग होतो व कोठे होत नाही, हे कसे? या कोड्याचा उलगडा १९७८ मध्ये झाला. मिंटर, स्टेली व मिलर या संशोधकांनी दाखवून दिले की, एका नावाखाली निरनिराळ्या जाती मोडत होत्या. पिनास्त्री ही बहुतांशी मरणोन्मुख व गळलेल्या पानांवर जगणारी, जवळजवळ निरुपद्रवी बुरशी आहे. खरी रोगकारक जात निराळी असून तिला त्यांनी लोफोडर्मियम सेडिशिओसम, म्हणजे ‘बंडखोर’, असे नाव दिले.

दोघींत फरक करणे सामान्य माणसालाही काही अंशी शक्य आहे. निरुपद्रवी जात ज्या पानावर असते, त्याला आडव्या, बारीक, काळ्याभोर रेषा पुष्कळ दिसतात, जणू कोणी लेखणीने पानाचे तुकडे पाडले आहेत. बंडखोर जातीच्या पानावर अशा काळ्या रेषा नसतात किंवा क्वचितच असतात. दोन्हींवर लंबगोल काळसर उंचवटे असतात आणि ओल मिळताच ते मधोमध फटीसारखे उघडतात. गळलेल्या पानावर काळे ठिपके पाहून घाबरणारा पालक बहुधा निरुपद्रवी बुरशीलाच पाहत असतो.

बंडखोर जातीचे वर्ष असे चालते. उन्हाळ्याच्या अखेरीपासून शरद ऋतूपर्यंत, पावसाळी हवेत, गळलेल्या पानांवरील उंचवटे उघडतात आणि त्यांतून बीजाणू बाहेर पडतात. ते त्याच वर्षी आलेल्या कोवळ्या पानांवर रुजून आत शिरतात. या वेळी बाहेरून काहीही दिसत नाही. शरद ऋतूच्या शेवटी अगर हिवाळ्यात बारीक पिवळे ठिपके दिसू लागतात. मार्च-एप्रिलमध्ये पाने तांबूस होतात व पुढे गळतात. म्हणजे डोळ्यांना रोग दिसतो वसंतात, आणि तो जडलेला असतो त्यापूर्वी अर्ध्या वर्षाहून अधिक काळ आधी. हा क्रम युरोप व जपान येथील हवामानाचा आहे. तेथील पालक वसंतात तांबूस पानांवर औषध फवारतो, तेव्हा तो घर फोडून निघून गेलेल्या चोरासाठी दाराला कुलूप लावीत असतो.

दुसरा रोग डोथिस्ट्रोमा या बुरशीचा. त्याची खूण स्पष्ट असते. पानावर विटकरी लाल आडवा पट्टा उमटतो, पट्ट्यापलीकडील टोक वाळते आणि बुडाकडील भाग हिरवाच राहतो. हा लाल रंग बुरशीने निर्माण केलेल्या विषारी द्रव्याचा असतो. रोग बहुधा खालच्या फांद्यांच्या जुन्या पानांपासून वर चढतो. याचे बीजाणू पावसाच्या उडणाऱ्या थेंबांबरोबर पसरतात आणि ओल्या हंगामात एकामागून एक पिढ्या तयार होतात. म्हणून येथे वसंताच्या शेवटी, नवी पाने लांबू लागताच, संरक्षण देणे आवश्यक ठरते. एका रोगात जी फवारणी निरर्थक, ती दुसऱ्या रोगात अगदी वेळेवरची असते.

तिसरा रोग उष्ण व दमट हवेचा आहे आणि भारताच्या दृष्टीने तो विशेष विचारात घेण्याजोगा आहे. जपानमध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी वर्णिलेला हा तपकिरी करपा आशिया व आफ्रिका येथील उष्ण प्रदेशांतील रोपवाटिकांत आढळतो. भारतातील पाइनच्या रोपांवरही तो नोंदला गेला आहे. खालच्या पानांवर प्रथम फिकट, मग राखी-तपकिरी पट्टे उमटतात आणि त्यांवर काजळीसारखे बारीक ठिपके ओळीने दिसतात. त्याला ऊब आणि ओल दोन्ही हवी असल्याने आपल्याकडे पावसाळा हाच त्याच्या प्रसाराचा काळ समजला पाहिजे.

ठिपक्यांची खात्री करण्यासाठी प्रयोगशाळाच हवी असे नाही. संशयास्पद दहा-बारा पाने झाकणाच्या डबीत ओल्या टिपकागदावर ठेवून दोन-तीन दिवस घरातल्या उबेत ठेवावी. बुरशी असेल तर तिचे उंचवटे फुगतात आणि दहापट मोठे दाखविणाऱ्या भिंगातून स्पष्ट दिसतात. पुरेसे उत्तर मिळाले नाही तर तीच पाने जवळच्या कृषी महाविद्यालयाच्या वनस्पतिरोगशास्त्र विभागाकडे कागदी पाकिटात घालून पाठविता येतात.

औषध काय करू शकते, काय करू शकत नाही

पर्णरोगांवरील सर्वात जुने औषध म्हणजे तांबे. फ्रान्समधील बोर्डो परिसरात रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर चोरांना भिवविण्यासाठी मोरचूद व चुना यांचे मिश्रण लावण्याची चाल होती. अशा वेलींची पाने केवडा रोगातून वाचतात, हे मियार्दे यांनी १८८२ मध्ये पाहिले आणि प्रयोगांती १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. हेच बोर्डो मिश्रण. नाशिक आणि सांगली भागातील द्राक्षबागायतदारांना त्याची ओळख करून देण्याची गरज नाही. केवड्यावर तांबे आणि भुरीवर गंधक, हा भेद तेथील बागायतदार जाणतो. पाऊस येण्याचा रंग दिसताच तो फवारणी उरकतो, पाने करपल्यावर नव्हे. जो विवेक द्राक्षाच्या वेलीबाबत सर्वमान्य आहे तो कुंडीतील पाइनबाबत नसावा, याला काही कारण नाही.

तांब्याचे कार्य नेमके काय आहे ते समजून घेतले पाहिजे. ते पानाच्या पृष्ठभागावर पातळ थर निर्माण करते. त्या थरावर पडलेला बीजाणू रुजताना मरतो. पानात आधीच शिरलेल्या बुरशीला ते स्पर्शही करीत नाही. मॅन्कोझेबसारखी स्पर्शजन्य औषधेही अशीच केवळ राखण करणारी आहेत. आंतरप्रवाही बुरशीनाशके पानात काही प्रमाणात शिरतात हे खरे. पण तांबूस झालेले पान पुन्हा हिरवे करण्याची शक्ती कोणत्याही औषधात नाही, आणि तीच ती औषधे वारंवार वापरली तर बुरशीत त्यांना दाद न देणारे वंश निपजतात. औषधाची परीक्षा म्हणूनच जुन्या पानांवर करावयाची नसते. पुढील वर्षाची पाने निरोगी राहिली की नाही, हीच खरी परीक्षा.

एक टक्का बोर्डो मिश्रणासाठी दहा लिटर पाण्याला शंभर ग्रॅम मोरचूद व शंभर ग्रॅम चांगला कळीचा चुना लागतो. दोन्ही निरनिराळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत विरघळवून एकत्र करावे. तयार मिश्रणात लोखंडी पाते बुडवावे; त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असे समजून आणखी चुन्याची निवळी घालावी. पाइनची पाने मेणचट असल्याने मिश्रणात चिकटद्रव्य असावे. फवारणीपूर्वी कुंडीतील मातीवर प्लास्टिकचा कागद अंथरावा, म्हणजे तांबे मुळांपर्यंत जात नाही. प्रथम एका फांदीवर फवारून काही दिवस वाट पाहणे शहाणपणाचे आहे.

नित्याची फवारणी : एक आक्षेप

याउलट असे म्हणणारे लोक आहेत की, दर महिन्याला नेमाने फवारणी केली तर निदानाची यातायात कशाला हवी? हा आक्षेप वरवर व्यवहारी वाटतो आणि त्यात काही तथ्यही आहे. ज्या बागेत मागील वर्षी विशिष्ट रोग निश्चित झाला, किंवा जेथे शेकडो पाइन दाटीने ठेवलेले आहेत, तेथे रोगाच्या काळात प्रतिबंधक फवारणी करणे योग्यच होय. परंतु ती फवारणी निदानाच्या आधारावरच उभी असते.

निदानाशिवाय बारमाही फवारणी करणाऱ्याची हानी तीन प्रकारांनी होते. एक, मुळे कुजत असताना आपण उपाय करीत आहोत असे खोटे समाधान त्याला मिळते, आणि जी काही आठवड्यांची मुदत झाडाला वाचविण्यासाठी हाती होती ती निघून जाते. दोन, तांबे हे मूलद्रव्य असल्याने ते कुजून नाहीसे होत नाही. कुंडीतील मूठभर मातीत ते साचत जाते आणि मुळांच्या सोबती बुरशीला अपाय करते. तीन, बुरशीनाशकाबरोबर कीटकनाशक मिसळण्याची जी सवय आहे तिच्यामुळे कोळी-किडींना खाणारे उपकारक कीटकही मरतात आणि किडी पूर्वीपेक्षा अधिक फोफावतात.

न्यूझीलंडमध्ये डोथिस्ट्रोमा रोगाने पाइनच्या विस्तीर्ण लागवडींवर हल्ला केला, तेव्हा १९६६ पासून विमानांतून तांबेयुक्त औषध फवारले जाऊ लागले. तेथेही फवारणी सरसकट होत नाही. रोगट पानांचे प्रमाण आधी मोजले जाते आणि ते ठराविक मर्यादेपलीकडे गेले तरच त्या भागावर विमान पाठविले जाते. ज्यांच्यापुढे हजारो हेक्टर जंगल आहे ते मोजल्यावाचून फवारीत नाहीत. ज्याच्यापुढे एकच कुंडी आहे त्याला तर मोजणे कितीतरी सोपे आहे.

रोग निश्चित झाल्यावर

रोग निश्चित झाल्यावर पहिला उपाय औषधाचा नसून स्वच्छतेचा आहे. झाड इतरांपासून दूर ठेवावे. कोरड्या दिवशी पूर्ण तांबूस झालेली पाने काढावी, मातीवर पडलेली प्रत्येक सुई वेचावी आणि ती सारी जाळावी अगर खोल पुरावी. खताच्या खड्ड्यात टाकू नये. अर्धवट हिरवी पाने काढावी की ठेवावी हा प्रश्न झाडाच्या बळावर सोपवावा. भरपूर पाने असलेल्या झाडावरून ती काढणे हिताचे. अशक्त झाडावर मात्र नवी पाने येईपर्यंत ती राहू द्यावी, कारण तेवढीच त्याची शिदोरी असते.

जपानी वामनवृक्षकार शरद ऋतूच्या शेवटी काळ्या पाइनची जुनी पाने हाताने खुडतात. आतल्या कळ्यांना ऊन मिळावे, हा त्यांचा मुख्य हेतू. पण त्यामुळे बुरशीचे आश्रयस्थानही नष्ट होते आणि फांद्यांतून वारा खेळतो. बीजाणू रुजण्यासाठी पान काही तास ओले राहावे लागते. म्हणून पाणी सकाळी आणि मातीवर घालावे, पानांवर शिंपडू नये. कुंड्यांमध्ये हातभर अंतर ठेवावे. पावसाळ्यात शक्य तर वरून पारदर्शक आडोसा करावा, बाजू मोकळ्या ठेवाव्या. पान ओले राहण्याचा काळ कमी झाला की कित्येकदा औषधाची गरजच उरत नाही.

रोगग्रस्त वर्षी झाडाकडून काही मागू नये, हेही तितकेच आवश्यक आहे. मुळे निरोगी असतील तर त्या वर्षी कुंडी बदलू नये. निकोप काळ्या पाइनचे वसंतातील कोंब उन्हाळ्याच्या आरंभी कापून दुसरे, आखूड पानांचे कोंब आणविण्याची रीत आहे. अशक्त झाडावर ती कदापि करू नये. तारेने वळविण्याचे कामही पुढे ढकलावे. सुंदर आकाराची घाई हीच पुष्कळ झाडांच्या मृत्यूचे खरे कारण असते, आणि नोंद मात्र बुरशीच्या नावावर होते.

कुंडीपलीकडे

हा प्रश्न एका हौशी माणसाच्या कुंडीपुरता आहे असे समजणे बरोबर होणार नाही. डोथिस्ट्रोमा रोगामुळे पूर्व आफ्रिकेत १९६० च्या दशकात रेडिएटा जातीच्या पाइनची लागवड सोडून द्यावी लागली. पाइनचे पर्णरोग देशोदेशी पसरतात त्यात रोपांच्या वाहतुकीचा वाटा आहे, आणि कुंडीतील पाइन ही मुळांसह, मातीसह व पानांसह प्रवास करणारी वनस्पती आहे. हिमालयाच्या उतारावर चिडीची आणि खासी टेकड्यांवर तेथील पाइनची जंगले आहेत. परदेशी रोपे आणताना परवाना व वनस्पति-आरोग्याचे प्रमाणपत्र आवश्यक असल्याचा जो नियम २००३ च्या केंद्रीय आदेशाने घातला आहे, तो त्रासदायक वाटला तरी त्यामागील हेतू हाच आहे. चोरवाटेने आणलेले एक देखणे झाड एखाद्या डोंगरी गावच्या सरपणावर, राळेवर आणि पाणलोटावर संकट आणू शकते. वामनवृक्षांचे प्रदर्शन भरविणाऱ्या मंडळांनी रोगाची चिन्हे असलेले झाड आत न घेण्याचा नियम केला आणि तो कठोरपणे पाळला, तर त्यांची कला व देशाची वने दोहोंचेही हित होईल.

वामनवृक्ष पाळणाऱ्याला औषधांच्या बाटल्यांपेक्षा एका साध्या वहीची गरज अधिक आहे. नवी पाने केव्हा आली, पाऊस किती दिवस टिकला, पहिला ठिपका कोणत्या फांदीवर, जुन्या पानावर की नव्या, कोणत्या तारखेस दिसला, ही टिपणे दोन-तीन वर्षे ठेवली म्हणजे रोगाचा क्रम आपोआप डोळ्यांपुढे उभा राहतो आणि औषधाचा दिवसही त्यातूनच ठरतो. झाड पुढच्या पालकाच्या हाती देताना ही वहीही त्याच्याबरोबर द्यावी. आजवर कुंडी आणि अवजारे पुढे दिली जात आली. झाडाच्या आजारांचा इतिहास मात्र प्रत्येक पालकाबरोबर संपत आला आहे. ज्या झाडाचे आयुष्य माणसापेक्षा मोठे आहे, त्याच्या नव्या पालकाला प्रत्येक वेळी पहिल्या ठिपक्यापासून शिकावे लागू नये.